'सगळं ऑनलाइन मिळतं' म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी शेजारच्या काकांच्या फाटकाबाहेर तीन पुठ्ठ्याचे खोके पावसात भिजत पडलेले दिसले. वर 'मोफत आहे, घेऊन जा' अशी चिठ्ठी होती आणि आत 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेच्या व्हिडिओ कॅसेट. काका लवकरच एका खोलीच्या घरात राहायला जाणार आहेत, त्यामुळे त्यांच्या मुलीने आवराआवर काढली आहे, आणि धर्मादाय दुकानाने कॅसेट घ्यायला साफ नकार दिला, असे तिने मला सांगितले. मी तिन्ही खोके घरी आणले, एकेक कॅसेट फडक्याने पुसून ओट्यावर मांडली आणि कौतुकाने त्यांचा फोटो आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एका मैत्रिणीचे उत्तर आले: "कशाला पसारा वाढवतेस? सगळं ऑनलाइन मिळतं की आता." त्या वाक्याने माझे डोके फिरले. ते अजून ताळ्यावर आलेले नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला आले ती २००४ च्या डिसेंबरात. चार वाजताच अंधार पडायचा, नवरा रात्रपाळीला जायचा आणि मी एकटी खिडकीत बसून असायची. एका संध्याकाळी काकांनी दार वाजवून याच मालिकेतल्या 'द टूम्ब ऑफ द सायबरमेन' या कथेची कॅसेट हातात ठेवली आणि "सुरुवात हिच्यापासून कर," एवढेच सांगितले. (इकडच्या रीतीप्रमाणे त्यांना नावाने हाक मारायला हवी, ते मला आजतागायत जमलेले नाही, मनात ते काकाच आहेत.) मला त्यातले अर्धे इंग्रजी कळले नाही, पण मी ती दोनदा पाहिली. १९६७ सालची ही कथा अनेक वर्षे हरवलेली होती, १९९१ च्या अखेरीस तिचे चारही भाग हाँगकाँगमध्ये मिळाले आणि १९९२ मध्ये तिची कॅसेट निघाली, हे काकांनी मला ती परत करताना सांगितले. 'हरवलेली' म्हणजे काय, असे मी विचारले, आणि त्या दिवशी त्यांच्याकडचा चहा दोन तास चालला.

हरवलेली म्हणजे पुसलेली. बीबीसीने स्वतःच्या हाताने पुसलेली. त्या काळी व्हिडिओच्या फिती महाग होत्या, त्या पुन्हा वापरता येत असत, आणि कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावरही मर्यादा होत्या. हे सगळे मला मान्य आहे. पण परदेशी विक्रीसाठी काढलेल्या सोळा मिलिमीटरच्या फिल्मही १९७८ पर्यंत निकालात काढल्या जात होत्या, त्याचे काय करायचे? पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी, २०१३ मध्ये नायजेरियातील जोस शहरात नऊ भाग सापडल्यानंतरही, ९७ भागांचा पत्ता नव्हता. या सगळ्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे, आणि तो कोणत्याही संग्रहालयाने जपलेला नाही. घरोघरी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून बसलेल्या पोरांनी तो जपला.

त्या पोरांपैकी एक आमचे काका. १९६६ च्या नोव्हेंबरात, दहा वर्षांचे असताना, वडिलांचा रिळांचा टेपरेकॉर्डर टीव्हीपुढे ओढून त्यांनी 'द पॉवर ऑफ द डालेक्स' ध्वनिमुद्रित केली. मालिकेतले दुसरे डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन यांची ती पहिली कथा; तिचे सहाही भाग पुसले गेले. काकांनी पुढे ते रीळ साध्या ऑडिओ कॅसेटवर उतरवून घेतले आणि एकदा मला ऐकवले. डालेक, म्हणजे या मालिकेतला खलनायक, घोगऱ्या आवाजात "मी तुमचा सेवक आहे, मी तुमचा सेवक आहे" असे घोकत असतो आणि मागून काकांची आई ओरडते, "टी गार होतोय, येतोस की नाही?" (इथे संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात.) दहा वर्षांचे काका उत्तर देत नाहीत, फक्त मायक्रोफोन सरकवल्याची खरखर येते, आणि आई पुन्हा ओरडते.

२०१६ मध्ये, मूळ प्रक्षेपणाला बरोबर पन्नास वर्षे झाली तेव्हा, बीबीसीने ही कथा शिल्लक आवाजावर अ‍ॅनिमेशन करून प्रसिद्ध केली. काकांनी त्याची डीव्हीडी पहिल्याच आठवड्यात आणली आणि आम्हा दोघांना पाहायला बोलावले. आवाज इतका स्वच्छ होता, की मी वाहवा केली. काका सहाही भाग शांतपणे बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "छान केलंय. पण आमची आई काढून टाकली यांनी." त्यांचे ध्वनिमुद्रण कुणी वापरलेच नव्हते, इतरांची त्याहून चांगली होती, हे त्यांना अर्थातच ठाऊक होते.

आता 'सगळं ऑनलाइन मिळतं'कडे वळते. हेच अ‍ॅनिमेशन सर्वांत आधी कुठे आले होते? बीबीसी स्टोअर नावाच्या ऑनलाइन दुकानात. ते दुकान २०१५ मध्ये उघडले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात बंद झाले. ज्यांनी तिथे रीतसर पैसे मोजून कार्यक्रम 'विकत' घेतले होते, त्यांना पैसे परत मिळाले आणि कार्यक्रम गेले. पैसे परत दिले हे चांगले केले, एवढे म्हणते. काकांची डीव्हीडी मात्र जागच्या जागी राहिली. आणि २०२३ मध्ये मालिकेला साठ वर्षे झाली म्हणून आठशेहून अधिक भाग बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर आणले, तेव्हा त्यात पहिलीच कथा नव्हती, कारण लेखकाच्या वारसाशी हक्कांबाबत एकमत झाले नाही. वारसाची बाजू असेलही. पण लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन या चोवीस वर्षांच्या तरुणाने दिग्दर्शित केलेली ती कथा, जिच्यापासून हे सारे सुरू झाले, ती 'सगळं' या शब्दात बसत नाही का? तिची १९९० ची कॅसेट आत्ता माझ्या ओट्यावर, इडलीपात्राशेजारी वाळते आहे.

कॅसेट आणि डीव्हीडी विकणाऱ्या कंपन्यांची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. १९८३ मध्ये या मालिकेची पहिली कॅसेट निघाली. तत्पूर्वी इंग्लंडमधल्या लाँगलीट इथे भरलेल्या मालिकेच्या मेळाव्यात चाहत्यांना काय हवे असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी 'टूम्ब' मागितली. ती नव्हतीच, म्हणून 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' त्यांच्या गळ्यात मारली गेली. चार भाग सांधून सलग चित्रपट केलेला, प्रत्येक भागाच्या शेवटची उत्कंठा कापलेली, आणि किंमत सुमारे चाळीस पौंड, तीही त्या काळी! पुढच्याच वर्षी 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस'चे चार भाग कापून जेमतेम तासाभराचे केले. काकांनी तरीही दोन्ही घेतल्या, आणि १९९० मध्ये 'मॉर्बियस' पूर्ण स्वरूपात आली तेव्हा पुन्हा घेतली. २०१८ पासून ब्लू-रे डिस्कचे संच येऊ लागले, तेही बाराव्या पर्वापासून आणि मग मनाला येईल त्या क्रमाने. त्यांची देखणी मर्यादित आवृत्ती संपते आणि लगेच दामदुपटीने पुनर्विक्रीला दिसते. एका संकेतस्थळावर मी काकांच्या वाढदिवसासाठी एक संच नोंदवला होता. पैसे घेतल्यावर तीन आठवड्यांनी 'साठा संपला' असे पत्र आले. ज्यांच्यामुळे हा ठेवा वाचला, त्यांच्याच खिशात चौथ्यांदा हात घालायचा, याचा मला संताप येतो.

मैत्रिणीचे घर दोन खोल्यांचे आहे, हे मला माहीत आहे. जागा नसलेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि कॅसेटच्या फितीला बुरशी लागते हेही खरे. आजच पाच-सहांवर ती दिसली. त्यामुळे मैत्रिणीवरचा राग लिहिता लिहिता बराच उतरला आहे. तिने उत्तराखाली ते हसरे चित्र टाकले नसते, तर कदाचित आलाही नसता.

दुपारी तिसऱ्या खोक्याच्या तळाशी, चुकीच्या वेष्टनात, ती साधी कॅसेट सापडली. वर पेन्सिलीने '१९६६' आणि खाली 'आई' एवढेच लिहिलेले आहे. मुलीला ती तिथे असल्याचे माहीतच नव्हते. मी काकांना फोन केला, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी भलतेच विचारले: खोके फार भिजले का?

तर, लेस्टर किंवा आसपासच्या कुणाकडे चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर असल्यास कृपया कळवावे. आमच्याकडचा फीत खातो आणि या कॅसेटच्या बाबतीत तो धोका मला पत्करायचा नाही. काका शुक्रवारी सामान हलवत आहेत, त्यामुळे मी गुरुवारपर्यंत केव्हाही येऊन घेऊन जाईन.