अर्धा इंच झोळ

पहिलंच सांगतो, काकांना मी बोलावलं नव्हतं.

पावसात सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला. रस्त्यावर आलेल्या फांद्या अग्निशमनवाल्यांनी उचलल्या, पार्किंगमधलं खोड उरलं. पौडच्या प्लॉटसाठी मी पेट्रोलचा चेनसॉ घेतलाय ही बातमी सोसायटीभर कशी पसरली कोण जाणे, पण रविवारी सकाळी हातमोजे आणि गॉगल चढवून मी खाली उभा होतो. थोड्या फांद्या झाल्या आणि चेन बारखाली, म्हणजे ती जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीखाली, लोंबायला लागली. नवी चेन सुरुवातीला सैल पडतेच, त्यात मशीनचा दोष नाही. मी इंजिन बंद केलं, प्लगची टोपी उपसली आणि मशीन बाजूला ठेवलं. चेन गार होईपर्यंत हात लावायचा नसतो. गरम चेन लांबलेली असते, तेव्हाच आवळली तर गार होताना आखडते आणि सगळा जोर बारवर आणि आतल्या शाफ्टवर येतो. थांबणं भागच होतं, आणि थांबलेला माणूस दिसला की काका येतात.

काका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गिरणीतून आणलेला दळणाचा डबा.

"बंद पडलं ना?"

"नाही काका, बंद केलंय. चेन ताणायचीय."

"ताणू नकोस. अर्धा इंच झोळ पाहिजे."

काकांनी पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी केली. स्वतः सांगताना ते 'प्रॉडक्शनशी संबंधित' असं म्हणतात. स्टोअर्समध्ये होते, हे काकूंकडून कळलं.

"अरे, सायकल घे, लूना घे, बुलेट घे. चेन म्हटली की झोळ आलाच. टाइट चेन बेअरिंग खाते. माझी लूना किती वर्षं चालली माहितीये? आणि कशामुळे चालली?"

"झोळामुळे."

"बरोब्बर!" काकांना वाटलं, पटलं मला.

बुलेटपुरतं त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. मागचं चाक खड्ड्यात वरखाली होतं (पुण्यात तर होतंच), म्हणून तिथे चेनला मोकळीक ठेवावी लागते. चेनसॉचा बार कुठे उडणार आहे? त्याच्या कडेच्या खाचेत चेन धावते, आणि लोंबती ठेवली की खाचेतून उसळून बाहेर येते. ती कुठे येईल हे लूनाला विचारून ठरत नाही. चेन खालून बारला टेकलेली हवी आणि हातमोजा घालून ओढली तर सुरळीत सरकायला हवी, बस्स. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "थिअरी वेगळी."

मशीन गार झालं. आता गंमत अशी की झाकणाचे दोन नट पान्याने ढिले करायचे, मग बारचं टोक वर उचलून धरायचं, ते तसंच धरून बाजूचा स्क्रू फिरवायचा आणि टोक न सोडता नट पुन्हा आवळायचे. टोक सोडलं की बार कणभर खाली बसतो आणि चेन परत ढिली. कामं तीन आणि हात दोन.

"काका, जरा हे टोक वर धरता का? मिनिटभर."

"मी? मला डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केलीय."

मी डब्याकडे पाहिलं. पाच किलोचा तरी होता.

"डबा खाली ठेवा ना."

"खाली ओल आहे. पीठ सर्दतं."

शेवटी एक वीट ओढली आणि बारचं टोक तिच्यावर टेकवलं. काकांची कॉमेंट्री चालूच. "वीट सरकतेय. सरकली बघ. डावीकडे घे. अरे, तुझ्या डावीकडे." स्क्रू पाव फेरा फिरवला तसे चेनचे दाते वर चढले, खालची कड बारला चिकटली, मी नट आवळले. काकांनी छत्रीच्या टोकाने चेन ढोसून पाहिली आणि म्हणाले, "फार टाइट केलीस."

मग त्यांना कायदा आठवला. "परवानगी घेतलीस का? 1975 चा झाडतोड कायदा आहे."

"झाड आपणहून पडलंय काका."

"पडलं म्हणजे कापायचं असं नाही."

इथे माझं डोकं खरंच फिरलं. या गुलमोहराला मारला कोणी? बुंध्याला टेकेपर्यंत पेव्हिंग ब्लॉक बसवले तेव्हा परवानगी विचारणारं कोणी खाली उतरलं नव्हतं. केबलच्या चरासाठी एका बाजूची मुळं तोडली, तेव्हा काकांनी गॅलरीतून बघत चहा प्यायला. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. त्याला जमीनच ठेवली नाही तर तो धरणार कशाला? सगळ्या सभांमध्ये 'वृक्षसंवर्धन' हा विषय असतो आणि ठराव मात्र पार्किंग वाढवायचे होतात. एवढं सगळं मी बोललो असतो, पण तेवढ्यात काका दळण घेऊन वर गेले.

दुपारपर्यंत खोडाचे ओंडके झाले. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. ओंडक्यांशेजारी छत्री टेकून काका उभे, आणि खाली मजकूर: 'काकांच्या मार्गदर्शनाखाली पार्किंग मोकळे.' त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. फोटोत माझा एक गमबूट आलाय.

रात्री खजिनदारांचा फोन आला. पेट्रोलचे पैसे सोसायटी देणार, बिल ठेवलंय का?

म्हटलं, पेट्रोल आणि टू-टी ऑइलसुद्धा. पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली मिसळावं लागतं.

"तेल नाही धरता येणार," ते म्हणाले, "ते तुमच्या मशीनसाठी झालं."