ब्रेडी १९९ वा निवडला गेला, म्हणून सगळे स्काउट आंधळे?

एनएफएल ही अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये संघ फेऱ्याफेऱ्यांनी, आळीपाळीनं कॉलेजातले खेळाडू निवडतात, आणि ते खेळाडू पारखण्याचं काम स्काउट करतात. दरवर्षी एप्रिलमध्ये हा ड्राफ्ट तोंडावर आला की एक दावा हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘कॉलेजातला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू, पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये चालेल की नाही, हे कुणालाच कळत नाही. टॉम ब्रेडी १९९ वा निवडला गेला आणि रायन लीफ दुसरा. महोम्सच्या आधी ट्रुबिस्की घेतला. नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञानंही ही निव्वळ नाणेफेक असल्याचं दाखवून दिलंय. उंची आणि बुद्धिचाचण्या म्हणजे थोतांड. तेव्हा पहिल्या फेरीतली निवड क्वार्टरबॅकवर वाया घालवूच नये.’

नावं आणि क्रमांक बरोबर आहेत: ब्रेडी आणि महोम्स पुढे मोठे खेळाडू झाले, लीफ आणि ट्रुबिस्की फसले. त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र जवळून पाहिले की बहुतेक गळून पडतात.

सगळा डोलारा ब्रेडीवर उभा आहे, म्हणून आधी तोच. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले. ४० यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते, अंगकाठी किरकोळ होती, आणि मिशिगन विद्यापीठात शेवटच्या वर्षीही ड्र्यू हेन्सन या लाडक्या नवोदिताबरोबर त्याला मैदान वाटून घ्यावं लागलं होतं. पण बघणाऱ्याला दिसण्यासारखंही बरंच होतं. १ जानेवारी २००० च्या ऑरेंज बोल या कॉलेज सामन्यात अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांनी मागे पडूनही त्यानं ३६९ यार्ड आणि चार टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पास फेकले आणि मिशिगननं जादा वेळेत ३५-३४ असा सामना काढला. तेव्हा चूक झालीच, आणि ती सगळ्यांची झाली. शेवटी त्याला घेणाऱ्या न्यू इंग्लंडचीसुद्धा. हा पोरगा काय चीज आहे हे त्यांना कळलं असतं, तर पाच फेऱ्या ते हातावर हात ठेवून बसले नसते. पहिल्या हंगामात त्याच्या वाट्याला एकूण तीन पास आले.

पण एका चुकीवरून पारखच नसते असं कसं म्हणणार? दहावी नापास होऊन कारखानदार झालेल्या माणसाची गोष्ट आपल्याकडेही फार आवडीनं सांगतात, म्हणून कुणी पोरांचं नाव शाळेतून काढून घेत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये क्लीव्हलंडनं १८३ व्या क्रमांकावर स्परगन विन घेतला. आज त्याचं नाव निघतं ते फक्त ब्रेडीच्या गोष्टीत. सहाव्या-सातव्या फेरीतल्या क्वार्टरबॅकचं सर्वसाधारण भवितव्य विनसारखं असतं. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये अगदी शेवटचा, २६२ वा निवडला गेला आणि दुसऱ्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, खेळला, हेही खरंच. पण अशी नावं आपल्याला पाठ असतात, ती मोजकी असतात म्हणूनच.

लीफचं उदाहरण तर दावा करणाऱ्यावरच उलटतं. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग की रायन लीफ, हा वाद खरोखर रंगला होता. लीफ धिप्पाड, त्याचा हात दणकट, आणि पुष्कळ जाणकारांचा कौल त्याच्या बाजूनं. पहिली निवड इंडियानापोलिसकडे होती. त्यांनी मॅनिंग घेतला. ज्याला दोघांतला एक निवडायचा होता त्यानं योग्य तोच निवडला, मग हा पारख नसल्याचा पुरावा कसा होतो? सॅन डिएगोनं लीफसाठी दुसरी जागा मिळवायला मोठी किंमत मोजली आणि हात पोळून घेतले, ती चूक त्यांची. गंमत म्हणजे पहिल्या हंगामात मॅनिंगनंही २८ इंटरसेप्शन फेकले, म्हणजे तितके पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले, आणि संघ १६ पैकी तीनच सामने जिंकला. नुसत्या निकालावर बोलायचं तर त्या डिसेंबरात दोघांनाही मोडीत काढता आलं असतं. फरक चुकांच्या जातीत होता. मॅनिंगच्या चुका पुष्कळदा पास कुठे जायला हवा हे ओळखून केलेल्या असायच्या, लीफच्या तशा नव्हत्या.

आता २०१७. या मुद्द्यावर जास्त वेळ घालवतो, कारण पारख म्हणजे नेमकं काय हे इथे सापडतं.

शिकागोनं तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर, म्हणजे फक्त एक पायरी वर जाण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला आपली तिसरी जागा आणि शिवाय तीन निवडी दिल्या, आणि मिच ट्रुबिस्की घेतला. नॉर्थ कॅरोलिनातून आलेल्या ट्रुबिस्कीनं कॉलेजात पहिल्यापासून खेळलेले सामने होते अवघे तेरा. ६८ टक्के पास अचूक, ३० टचडाउन, सहा इंटरसेप्शन. कागदावर देखणं, पण एकाच हंगामाचं. तेरा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना तुमच्या सवयी हेरून तुमच्यावर उलटवायला वेळच मिळत नाही. तसं झाल्यावर हा पोरगा काय करतो, ते कुणी पाहिलेलंच नव्हतं.

महोम्सचं चित्र उलटं होतं. २२ ऑक्टोबर २०१६ ला लबकमध्ये त्याच्या टेक्सस टेक विद्यापीठानं ओक्लाहोमाविरुद्ध ५९ गुण केले आणि तरी सामना गमावला. महोम्सनं त्या रात्री ८८ पास टाकले, ५२ पोचले, ७३४ यार्ड झाले. त्या हंगामात त्याचा संघ बारापैकी पाच सामने जिंकला. ‘असल्या पद्धतीत कुणीही आकडे काढेल’ हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो बिनबुडाचा नव्हता. टेक्सस टेकच्या धाटणीत रिसीव्हर (पास झेलणारे) मैदानभर पसरलेले असतात, चाली ठरलेल्या असतात, पास झटपट सुटतो. एनएफएलमध्ये हेल्मेटमधल्या रेडिओवर चाल ऐकायची, सहकाऱ्यांना ती सांगायची, घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद होतो, आणि मग समोरचा बचाव स्वतः वाचायचा. या दुसऱ्या कामाचा सराव त्याला फारसा नव्हता.

म्हणून चांगला स्काउट बेरजा बाजूला ठेवून एकेक चाल बघतो. कॉलेजच्या मैदानावर चाल जिथून सुरू होते त्या हॅशच्या दोन रांगांमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचं. त्यामुळे कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असताना उजव्या साइडलाइनकडे वळणाऱ्या रिसीव्हरला द्यायचा पास आडवाच शंभरेक फूट प्रवास करतो. तो हवेत तरंगला तर बचावपटू मध्ये येऊन घेऊन जातो. हा एक पास दहा वेळा बघितला की हातात किती जोर आहे ते कळतं, त्याला स्टॉपवॉच लागत नाही. मग तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, अजून आठ यार्ड कापायचे आहेत, अंगावर पाच जण धावून येताहेत: पाय जागेवर राहतात की पळ काढतात? नजर मैदानावर असते की अंगावर येणाऱ्याकडे? महोम्सचे पाय बेशिस्त होते, पॉकेट, म्हणजे सहकाऱ्यांच्या कड्यातली सुरक्षित जागा, विनाकारण सोडायची खोड होती, पण पळतानाही नजर वर असायची आणि कुठल्याही कोनातून हात सुटायचा. कॅन्सस सिटीनं यातलं काय शिकवता येतं आणि काय नाही याचा हिशेब केला, २७ व्या जागेवरून दहाव्यावर उडी मारली आणि त्याला जवळपास अख्खा हंगाम अनुभवी क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून ठेवलं. पुढच्याच वर्षी ५० टचडाउन पास आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब. दोन संघांसमोर चित्रफिती त्याच होत्या. एकानं चूक केली, एकानं बरोबर केलं. नाणेफेकीत असं डावं-उजवं करता येत नाही.

राहिले अर्थतज्ज्ञ. नोबेलविजेते रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांच्या अभ्यासातला ५२ टक्क्यांचा आकडा इथे फेकला जातो. तो आकडा सांगतो काय? एकाच जागेवर खेळणाऱ्या आणि लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता ५२ टक्के. अहो, लागोपाठचे दोघं! यादीत एकमेकांना चिकटून असलेल्यांत फरक कमीच असणार. त्यावरून पहिला आणि सहाव्या फेरीतला सारखेच, असं म्हणता येत नाही. त्या दोघांचं म्हणणं वेगळं होतं: संघांचा स्वतःच्या नजरेवर फाजील विश्वास असतो, म्हणून वर सरकण्यासाठी ते अवाच्या सवा किंमत मोजतात. हे मला शंभर टक्के पटतं, आणि शिकागोचा सौदा त्याचा उत्तम नमुना आहे. पण किंमत चुकणं वेगळं आणि पारख नसणं वेगळं.

याच्या जोडीला ‘दर पासामागची कामगिरी काढली तर वरचे आणि खालचे सारखेच दिसतात’ असंही सांगितलं जातं. खालच्या फेरीतला जो चांगला निघतो त्यालाच मैदान मिळतं. बाकीचे पास टाकण्याआधीच घरी गेलेले असतात, त्यांची सरासरी कोण काढणार?

उंची आणि चाचण्यांबद्दल मात्र दावा बराचसा बरोबर आहे. बारा मिनिटांत ५० प्रश्नांची वंडरलिक चाचणी एनएफएलनं २०२२ मध्ये बंद केली, आणि कुणाला तिची आठवण येत असेल असं वाटत नाही. सहा फुटांचा ड्र्यू ब्रीझ दुसऱ्या फेरीत घसरला, पाच फूट अकरा इंचांचा रसेल विल्सन तिसऱ्या. दोघांनीही सुपर बोल जिंकला. फक्त एवढंच, की या मोजमापांना भुलण्याचं खापर चित्रफिती बघणाऱ्या स्काउटवर फोडू नये.

आणि ‘पहिल्या फेरीत घेऊच नये’? २०१५ ते २०२४ या दहा हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा किताब दर वेळी क्वार्टरबॅकला मिळाला, त्यातले नऊ किताब पहिल्या फेरीत निवडलेल्यांकडे गेले. २००५ ते २०२४ या वीस हंगामांची अजिंक्यपदं पाहा, बारा वेळा विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीतला होता.

या यादीला एकच पुरवणी जोडतो. सॅम डार्नोल्ड २०१८ मध्ये तिसरा निवडला गेला. न्यू यॉर्क जेट्समध्ये तीन वर्षं काढून, कॅरोलिनामार्गे, सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून बसेपर्यंत त्याच्यावर ‘फुकट गेला’ असा शिक्का बसला होता. २०२४ मध्ये मिनेसोटात चांगला प्रशिक्षक आणि चांगले रिसीव्हर मिळाले, तेव्हा त्यानं ३५ टचडाउन पास टाकले आणि संघ सतरापैकी चौदा सामने जिंकला. हात तोच, डोकं तेच. त्याला तिसरा निवडायला सांगणाऱ्या स्काउटची गणना चुकलेल्यांत करायची की बरोबर ठरलेल्यांत, ते हा दावा पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा सांगून टाकावं.