‘चिंध्या शिवून दिल्या’ या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की मुलाच्या गॅदरिंगसाठी पोतराजाचा ड्रेस सांगितला, तर ६५० रुपये घेऊन आम्ही जुन्या साड्यांच्या चिंध्या शिवून दिल्या. धागे लोंबत होते, लाल रंग बनियनला लागला, ऐन स्टेजवर नाडी सुटली, आसूड वाजलाच नाही. ‘यापेक्षा घरीच केला असता.’

नाडीचं आधी बोलते, कारण ते वाचून मलाच कसंतरी झालं. नेफ्यात नाडी ओवली की मागे मधोमध एक पक्का टाका घालायचा असतो, म्हणजे एका टोकाला ओढली तरी ती निघून येत नाही. तो टाका राहिला. शेवटचा हात माझा होता, कारागिरांचा नाही. लाल रंगाचंही तसंच. बोहारणीकडून घेतलेलं कापड आम्ही पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतो. त्या आठवड्यात घाई होती, ती एक साडी एकदाच पाण्यातून काढली. पोराला घाम आला आणि रंग उतरला.

चिंध्यांचं मात्र मला पटत नाही. पोतराजाच्या कमरेला असतं ते आभरान. खणांचे, लुगड्यांचे रंगीबेरंगी तुकडेच असतात त्यात. मरीआईच्या पोतराजाला कोऱ्या सॅटिनचा घागरा घातला तर तो गरब्याला निघाल्यासारखा दिसेल! शिवाय वापरून मऊ झालेलं सुती कापड गिरकीबरोबर सुटं उडतं, नायलॉन पायाला चिकटतं. पट्ट्या आम्ही कात्रीने कापत नाही, टरकावतो. सरळ धाग्यात फाटलेल्या सुती कापडाचे कडेचे दोन-चार धागे सुटतात, तेच तुम्हाला लोंबताना दिसले. कड दुमडून शिवली की पट्टी जड होते आणि नुसती लटकते.

जुनं कापड वापरतो हे दुकानातल्या पाटीवर लिहिलंय, पण तुमची ऑर्डर फोनवरची. मी तोंडाने सांगायला हवं होतं.

आसूड वाजू नये म्हणूनच कापडाला पीळ घालून केलाय. शेजारी दहा पोरं नाचत असतात. तो मी बदलणार नाही.

आणि घरी करता येतो, हे अगदी खरं. कुणाला करायचा असेल तर २४ इंच कमरेला ३ इंच रुंदीच्या पट्ट्या घ्या, गुडघ्याखाली येतील एवढ्या लांब. निम्मी पट्टी पुढचीवर चढवत गेलात की एका थराला १६ लागतात. असे तीन थर, म्हणजे ४८. फक्त वरची कड नेफ्याच्या पट्टीत धरून दोनदा शिलाई मारा, खाली सगळं मोकळं. हिरवा आणि लाल जास्त ठेवा, मध्ये एखादा खणाचा तुकडा, जुन्या ब्लाउजची पाठसुद्धा चालते. ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल कापड घासून बघा, फडकं गुलाबी झालं तर ते कापड बाजूला ठेवा. मी नेमकं हेच केलं नाही.

६५० रुपये परत देते, बनियनही नवं. ड्रेस आणलात तर लाल पट्ट्या काढून दुसऱ्या लावते आणि तो टाका तुमच्यासमोर घालते. सोमवारी दुकान बंद असतं, एरवी संध्याकाळी ७ पर्यंत मी मशीनवरच असते. येण्याआधी बनियनचा नंबर तेवढा कळवा.