बाकावर २१, पोर्टलवर १९

आज डोकं फिरलंय. जसं येईल तसं लिहितो, शुद्धलेखन कुणी तपासू नका.

माझ्याकडं सहावी-सातवीची मिळून २१ लेकरं आहेत. मी दिवसातून तीनदा मोजतो. हजेरीला मोजतो, खिचडी वाढताना मोजतो आणि शाळा सुटल्यावर ओढ्यापलीकडं जाणारी सहा जणं धड पोचली का म्हणून कट्ट्यावर उभा राहून परत मोजतो. २१ भरतात. सरकारच्या पोर्टलवर मात्र १९. दोघांचं आधार ‘अवैध’ आहे. आणि आधार अवैध म्हणजे लेकरूच अवैध, असा हिशेब झालाय हल्ली. माझ्यासमोर बसून नाक ओढतंय, पाढा चुकतंय, शेजारच्याला चिमटे काढतंय, पण सरकारच्या लेखी ते जन्मलेलंच नाही.

तुम्ही म्हणाल, दोन लेकरांनी काय आभाळ कोसळतंय? कोसळतंय. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा जीआर काढून बघा. सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी पट असेल तर शिक्षक शून्य. एक नाही, अर्धा नाही, शून्य. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीला वर्गागणिक किमान एक शिक्षक हवा, त्यात गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं येणारी माणसं हवीत. आता मला सांगा, मोठं कोण? संसदेनं केलेला कायदा की मंत्रालयातून निघालेला जीआर? आमच्या खात्यात याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘नोंद घ्यावी’ एवढंच मिळतं.

बीड जिल्ह्यातला बंजाऱ्यांचा तांडा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली जोडपी कोयते बांधून ऊसतोडीला निघतात ती थेट पाडव्याच्या आसपास परत. कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. मागं आज्या-आजोबे आणि त्यांच्या गळ्यातली लेकरं. ही लेकरं शाळेत टिकवायला आम्ही दर वर्षी घरोघर पाया पडतो. ‘पोरीला नेऊ नका हो, आजीपाशी राहू द्या, हंगामी वसतिगृहात जेवण आहे.’ चार ठिकाणी शिव्या खातो, दोन ठिकाणी जमतं. एवढं करून टिकवलेलं लेकरू एक ‘मिसमॅच’ दाखवून कापलं जातं.

कृष्णाचं ऐका. हा उसाच्या फडावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मला. जन्माचा दाखला नाही, कारण कारखान्याच्या गावाला वाटलं नोंद तांड्यात होईल आणि तांड्याला वाटलं तिकडं झाली असेल. पहिलीत घेताना माझ्या आधीच्या गुरुजींनी परंपरेप्रमाणं १ जून टाकली. आमच्या पिढीतली अर्धी माणसं १ जूनचीच. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप उघडवत नाही, एवढे केक असतात. आधारवाल्यानंही अंदाजानंच तारीख टाकली, पण त्याची परंपरा वेगळी, त्यानं १ जानेवारी घातली. दोन अंदाज आपसात जुळत नाहीत म्हणून पोरगं खोटं! दाखल-खारीज रजिस्टरातली तारीख मी बदलू शकत नाही, त्याला वरची परवानगी लागते. आधारमधली बदलायला जन्मदाखला लागतो. जन्मदाखल्यासाठी ज्या गावात जन्मला तिथं जा म्हणतात. त्या गावाचं नाव त्याच्या आईला आठवत नाही. बारा हंगाम, बारा गावं, कसं आठवणार?

पूजाचं तर त्याहून भारी. मराठीत दोन्हीकडं पूजाच. अडलं इंग्रजीत. शाळेच्या नोंदीत दोन ‘ओ’, आधारवर ‘यू’. मराठी शाळा, मराठी सरकार, तिची घरची बोली गोरमाटी आणि मास्तरचं पद लटकलंय इंग्रजी स्पेलिंगवर. ते दुरुस्त करायला टाकलं, वरच्या लॉगिनला तीन आठवडे पडून राहिलं, मग झालं. झाल्यावर कळलं की पाच वर्षांची झाल्यावर बोटांचे ठसे द्यायचे राहिलेत, त्यामुळं आधारच झोपलेलं. तालुक्याच्या केंद्रावर घेऊन गेलो. पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी नंबर लागला तर ठसे उमटेनात. कापसाचे दिवस, बोंडाच्या टोकांनी पोरीची बोटं सोलून निघालेली. मशीनवरचा पोरगा म्हणाला, ‘सर, हिला क्रीम लावायला सांगा अन् पंधरा दिवसांनी आणा.’

क्रीम! त्या घरात तेलाची बाटली उलटी करून ठेवतात.

ओटीपीचा तमाशा वेगळाच. बापाच्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि बाप असतो उसात. तांड्यावर रेंज नाही, म्हणून मी देवीच्या टेकडीवर चढून फोन लावतो. मध्यंतरी तर फोन लावला की आधी कॉलर ट्यूनवर अमिताभ बच्चन सायबर ठगांपासून सावध करायचे, आणि लगेच मी सांगायचो, ‘मी गुरुजी बोलतोय, ओटीपी सांगा.’ एका बापानं मला आईवरून शिवी हासडली. राग नाही आला. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

यावर शहाणी माणसं लगेच म्हणतात, गुरुजी, बोगस पटाचं काय? खरं आहे, होता बोगस पट. आमच्या मराठवाड्यातच भरपूर होता. नांदेडला तो उघडा पडला आणि मग ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. एका पोराला चार शाळांत दाखवून अनुदान खाणारे संस्थाचालक कोण होते हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे, त्यातले काही आज शिक्षणावर भाषणं देतात. त्यांना धरायलाच हवं होतं. पण तेव्हा निदान माणसं आली होती हो! महसूलवाले वर्गात येऊन उभे राहिले, लेकरांना समोर उभं करून मोजलं. मग आताही या की! बोटाला शाई लावा, गालाला लावा, काय लावायचं ते लावा. माझ्या खोलीत या आणि मोजा. २१ भरले नाहीत तर मी स्वतः राजीनामा लिहून देतो. पण कुणी येत नाही. चोरी संस्थाचालकानं केली आणि सिद्ध करायला लावताय कोपीत जन्मलेल्या पोराला, की तो खरोखर आहे.

२६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं आधारच्या निकालात स्वच्छ सांगितलं, सहा ते चौदा वयाचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येणार नाही. आमच्या खात्यानं तो अक्षरशः पाळला. प्रवेश द्यायला आधार लागत नाही. या, बसा, खिचडी खा. फक्त तुम्हाला शिकवायला माणूस द्यायचा का, हे ठरवताना आधार लागतं. वकिलालासुद्धा सुचणार नाही असली हुशारी आहे ही.

शिकवण्यावर नाही बोलत मी. शिकवतो कधी? आज अपूर्णांकांची बेरीज घेतली होती, भाकरीचे तुकडे काढून. छेद समान करण्यापर्यंत आलो आणि फोन थरथरला: ‘अतितात्काळ. आजच दुपारी २ पर्यंत लिंक भरावी, अन्यथा कार्यवाहीस पात्र.’ तेव्हा वाजले होते पावणेदोन. लिंक उघडली तर त्यात मागच्या आठवड्यात भरलेलीच माहिती, फक्त रकाने पुढं-मागं. सरकारची पोर्टलं तरी किती, यू-डायसला तीच, सरलला तीच, अपारला तीच, वर एक्सेलमध्ये तीच, आणि प्रिंट काढून सही-शिक्क्यानिशी परत तीच. कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम द्यायचं नाही. मला एकदा ते कलम फ्लेक्सवर छापून शाळेच्या दारावर लावायचंय, आणि त्याचाही जिओटॅग फोटो ग्रुपवर टाकायचाय.

आणि पैशाचं म्हणाल तर १९९२ ला गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज हजर राहण्याचा भत्ता सुरू झाला. किती? एक रुपया. तेव्हाही एक, तीस वर्षांनीही एकच. वर्षभर एकही खाडा नाही केला तर २२० रुपये, आणि ते घ्यायला बँकेत खातं. आमच्या तांड्यातून बँकेत एकदा जाऊन यायला काळीपिवळी किती घेते ते विचारू नका.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून तिसरी शिकले. मराठीतून शाळा हवी म्हणून लोकांनी झगडून हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा चालवली, पुढं मुक्तिसंग्रामाचे पुढारी झालेले रामानंद तीर्थ तिथं शिकवायला होते. ते निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला गेलं. दर १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो, मी भाषणात हेच सांगतो, आणि तेराव्या दिवशी ३० सप्टेंबर येतो, ज्या दिवशीच्या पटावर शिक्षक ठरतात ती तारीख. ज्यांना पोरांनी शिकू नये असं वाटायचं त्यांच्या राज्यात शाळा काढल्या लोकांनी, आणि आता आपल्याच राज्यात असलेली शाळा वाचवायला मी आधार केंद्राच्या रांगेत उभा.

पद गेलं तर मी जाईन समायोजनात, म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या शाळेवर, माझं काही बिघडत नाही. पगार चालूच राहील. लेकरांना चार किलोमीटरवरच्या गावात जावं लागेल, आणि ओढ्याला पाणी असलं की तेही नाही. २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम निघाली तेव्हा पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देऊन गाडीची सोय करू म्हणाले होते. आमच्या रस्त्यानं बैलगाडीचं चाक निखळतं. पोरं जातील कशीबशी. सातवीतली पोरगी त्या रस्त्यानं एकटी कुणी धाडत नाही, ती आईबरोबर फडावर जाते, आणि पुढच्या दिवाळीला तिच्या नावानं लग्नाची पत्रिका येते. बीडात राहणाऱ्याला याहून जास्त सांगायची गरज नाही.

शनिवारी पूजाला घेऊन परत तालुक्याला जायचंय. गाडीभाडं माझंच. काल तिच्या आजीला सांगून आलो, आठ दिवस पोरीला वेचणीला लावू नका. म्हातारीनं पूजाचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाली, ‘गुरुजी, रोज राती खोबरेल चोळते. अन् तरीबी नाही उमटली, तर माझी बोटं चालतील का?’