कडक स्प्रिंगने जुनी गाडी सुधारत नाही

जुन्या गाड्यांबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो: "गाडी वळणावर लोळतेय? कडक, आखूड स्प्रिंगा टाका, जाड स्टेबिलायझर बार बसवा. शॉक जुनेच चालतील. शेवटी अलाइनमेंट केली की गाडी रस्त्याला चिकटून पळेल." (लोळणं म्हणजे वळणात गाडीचं बाहेरच्या बाजूला झुकणं; स्टेबिलायझर बार म्हणजे ते झुकणं कमी करणारी, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी; शॉक म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अब्सॉर्बर; अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं.) हा सल्ला ऐकून लोक पैसे घालवतात आणि गाडी आधीपेक्षा धोकादायक करून बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"लोळते म्हणजे स्प्रिंगा मऊ पडल्या." स्टीलची स्प्रिंग वर्षानुवर्षांत थोडी बसते, गाडीची उंची कमी होते, पण तिचा कडकपणा जवळपास तोच राहतो. म्हातारं होतं ते रबर. माझी गाडी ब्रेक लावला की एका बाजूला ओढायची आणि वळणात सैल वाटायची. मीसुद्धा स्प्रिंगाच बदलायला निघालो होतो. गाडी वर घेतल्यावर मेकॅनिकने लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मागच्या बुशपाशी (सांध्यातल्या रबरी भागापाशी) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून रेटलं, तर अख्खा आर्म डोळ्यांना दिसेल इतका सरकला. रबर आतल्या नळीपासून सुटलं होतं, फटीत नख जात होतं. आर्म असा सरकला की चाकाचा टो (वरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) आणि कॅस्टर (स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं त्याचा पुढे-मागे कल) बदलतो. स्टिअरिंग तुम्ही धरलंय तिथेच असतं, चाक मात्र दुसरीकडे बघत असतं. यावर कडक स्प्रिंगचा काय उपयोग? त्याच फाटक्या रबराला धक्के आणखी जोरात बसतील.

नवे बुश बसवतानाही एक चूक सर्रास होते. गाडी वर, चाकं लोंबकळतायत, आणि तशातच बोल्ट पक्के आवळले जातात. बहुतेक बुशमध्ये रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही धातूंना चिकटवलेलं असतं. हवेत आवळलं की गाडी खाली टेकताच त्याला पीळ बसतो, तो कायमचा राहतो आणि नवा बुश लवकर फाटतो. शेवटचा आवळा चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच द्यायचा. हे शेजारी उभं राहून करून घ्या.

"जितकं कडक, तितकी पकड." गुळगुळीत ट्रॅकवर, योग्य टायर असतील तर यात तथ्य आहे. रोजच्या रस्त्यावर मात्र पकड तेव्हाच मिळते जेव्हा टायर प्रत्येक उंचवट्यामागून खाली येऊन रस्त्याला टेकतो. फार कडक स्प्रिंगवर चाक उड्या मारतं आणि वळणाच्या मध्यावर गाडी बाहेर सरकते. शिवाय लोळणं कमी झालं म्हणून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन थांबत नाही. ते ठरतं गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर.

"मग गाडी खाली बसवा, गुरुत्वमध्य उतरेल." उतरतो, खरं आहे. पण मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीत लोअर आर्म आडवा असतो त्याच्याही खाली गाडी आणली, तर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती लोळते तो, गुरुत्वमध्य जितका उतरतो त्याहून जास्त उतरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला लोळवणारी तरफ लांब होते. वर चाकाला हलायला जागा उरत नाही. वळणात खड्डा आला की सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळतं आणि त्या चाकाची पकड एका क्षणात जाते. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली आणणं तर करूच नका. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

"जाड बार निरुपद्रवी." बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिमीच्या जागी 22 मिमीचा बार म्हणजे सुमारे 46 टक्के जास्त कडक. तो फक्त पुढे लावला तर पुढचे टायर आधी हार मानतात, गाडी वळायची सोडून सरळ जाऊ लागते. फक्त मागे लावला तर ओल्या रस्त्यावर शेपूट फिरते.

"शॉक जुनेच चालतील." सगळ्यात वाईट मुद्दा हा. दबलेल्या स्प्रिंगची ताकद जिरवून तिची उष्णता करणं हे शॉकचं काम. तेल गळून थकलेला शॉक मूळ स्प्रिंगलाच आवरत नाही, कडक स्प्रिंग तर त्याला झेपणारच नाही. खर्च एकदाच करायचा असेल तर तो मूळ मापाच्या चांगल्या शॉकवर करा, जोडीने, आणि वरचे माउंटही सोबत बदला.

"शेवटी अलाइनमेंट." ढिल्या बुशवर केलेली अलाइनमेंट फक्त उभ्या गाडीपुरती खरी असते. ब्रेक लावताच मशीनवर दिसलेले आकडे बदलतात. त्याआधी टायरच्या बाजूवरचा कोड वाचा. शेवटचे चार अंक 2316 असतील तर तो टायर 2016 च्या 23व्या आठवड्यातला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी त्याचं रबर आता कडक झालेलं असतं.