तासाऐवजी आठ वचनं

ख्रिस्ती प्रार्थनेवरच्या एका लेखात रोज पहाटे तासभर प्रार्थना करा म्हटलंय. ठाण्याहून वाशी लोकल पकडणाऱ्याचा हा नेम चार दिवसांत मोडतो, आणि मग अपराधी वाटून बायबल मिटलेलंच राहतं. त्यापेक्षा बायबलमधलं स्तोत्र 119 घ्या: 176 वचनं, आठ-आठांचे 22 भाग. रोज एकच भाग, डबा भरण्याआधी. ऐरोली-घणसोलीच्या गर्दीत त्यातलं एखादं वचन मनात घोळवायचं. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन भाग उरकू नका, राहिलं तिथूनच पुढे चला.

आणि बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात (4:6) प्रेषित पौल विनंतीबरोबर आभारही मानायला सांगतो. आपण नेमकं तेच गाळतो, म्हणून प्रार्थना संपली तरी काळजी तशीच उरते. आधी तीन गोष्टींचे आभार, नावानिशी; मग मागणं.