‘स्पीड’ला मराठीत शब्द नाही, हे म्हणणे तपासून पाहू

सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रोजच्या बोलण्यात ‘स्पीड’ला मराठी पर्याय नाही, ‘वेग’ हा एकच शब्द आहे, तोही पुस्तकी आणि शास्त्रदृष्ट्या चुकीचा, ‘स्पीड’ उच्चारायला सोपा आहे, मुंबईत ‘फास्ट लोकल’ला कोणी ‘जलद’ म्हणत नाही, आणि ‘जलद’ तरी कुठे मराठी, तो फारसीच.

यातला पहिला मुद्दा सर्वांत जास्त पटणारा वाटतो आणि तोच सर्वांत जास्त चुकलेला आहे. मजकूर लिहिणाऱ्याने इंग्रजी वाक्यातले नाम उचलले आणि त्या खाचेत बसणारे मराठी नाम शोधले. मराठी मात्र वेग बहुधा नामातून सांगतच नाही. ती तो क्रियापदातून आणि क्रियाविशेषणातून सांगते. ‘ट्रकचा वेग जास्त होता’ हे वाक्य पंचनाम्यातले वाटते, हे मान्य. पण घाटात समोरून आलेल्या ट्रकविषयी घरी सांगताना माणूस ‘सुसाट आला’ किंवा ‘भरधाव आला’ असेच म्हणतो. चालक गाडी हाणतो, पिटाळतो, आणि तिच्या कुवतीकडे न पाहता पुढे काढली तर दामटतो. माणूस झपाझप चालतो, जिना झरझर उतरतो, पोळ्या पटापट लाटतो, ताट भराभर संपवतो. नुकते पाय फुटलेले मूल मात्र दुडुदुडु धावते. या शब्दांची अदलाबदल करून पाहावी: पोळ्या झपाझप लाटता येत नाहीत आणि जिना सपासप उतरता येत नाही. प्रत्येक शब्दात वेगाबरोबर हालचालीचा आकारही आहे, आणि सगळीकडे ‘स्पीडमध्ये’ म्हटले की नेमका तोच पुसला जातो. पंख्याचेच घ्या. ‘पंख्याचा स्पीड वाढव’ याचे मराठी शोधायला कोशाकडे धावण्याची गरज नाही, कारण घराघरांत ‘पंखा मोठा कर’ किंवा ‘चारवर ठेव’ असे सर्रास म्हणतात.

मागच्या आठवड्यात शेअर रिक्षात शेजारी एक आजी बसल्या होत्या. खड्ड्यांतून रिक्षा उडायला लागली तशा त्या म्हणाल्या, “दादा, जरा दमानं घ्या.” चालकाने मागे न पाहता उत्तर दिले, “स्पीड चाळीसच आहे, आजी.” दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. त्याला काट्यावरचा आकडा सांगायचा होता आणि तिथे ‘स्पीड’ मराठीत पक्का रुजला आहे. इंटरनेटच्या जोडणीचा आकडा सांगतानाही मी तोच शब्द वापरतो. आजींना आकड्याशी काही देणेघेणे नव्हते, आणि त्यांच्या ‘दमानं’च्या जागी ‘स्पीड’चे कोणतेही रूप बसवता येणार नाही.

‘वेग’ शास्त्रदृष्ट्या चुकीचा, हा आक्षेप अर्धवट वाचनातून आलेला आहे. दिशेसह मोजला जातो तो वेग आणि दिशा न पाहता मोजली जाते ती चाल, हा भेद मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत स्पष्ट दिलेला असतो. 400 मीटरच्या वर्तुळाकार धावपट्टीची एक फेरी 80 सेकंदांत पूर्ण करणाऱ्या मुलीची सरासरी चाल सेकंदाला 5 मीटर असते, पण ती निघाली तिथेच परत आल्यामुळे तिचा सरासरी वेग शून्य भरतो. म्हणजे नेमका शब्द हवाच असेल, तर तो ‘चाल’ आहे, आणि तो शास्त्रज्ञांनी घडवलेला नाही; घोड्याची दुडकी चाल तो शब्द वर्गात येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहे. रस्त्यावरच्या ‘वेगमर्यादा’ या पाटीवर दिशेचा प्रश्न कोणी काढत नाही. तसा काढला, तर यू-टर्न घेणाऱ्याला दंडच करता येणार नाही.

उच्चाराविषयी फार बोलण्यासारखे नाही. ज्या शब्दाच्या आरंभीच्या जोडाक्षराला अडखळून कित्येक जण ‘इस्पीड’ म्हणतात, तो ‘वेग’पेक्षा सोपा कसा?

लोकलचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य करत नाही. उद्घोषणा ‘जलद’ आणि ‘धीमी’ म्हणत राहिली, तरी फलाटावरचा माणूस ‘फास्ट पकड’ असेच सांगणार. पण इथे ‘फास्ट’ हा शब्द वेग सांगत नाही, गाडीचा प्रकार सांगतो: काही स्थानके गाळणारी ती फास्ट. म्हणून तर बोरिवलीच्या पुढे प्रत्येक स्थानकावर थांबत जाणारी विरार गाडीसुद्धा फास्टच म्हणवते. विशेषनामासारख्या वापरात रुळलेला शब्द पुरावा म्हणून आणायचा आणि त्यावरून पोळ्या लाटण्यालाही मराठी शब्द नाही असे ठरवायचे, ही उडी फार लांबची आहे.

राहिला ‘जलद’. तो फारसीतून आला, हे खरे आहे; संस्कृतातला ‘जलद’ म्हणजे पाणी देणारा ढग, आणि जुन्या कवितेत तो अजून भेटतो. परंतु परकेपणाचा आक्षेप मी मुळात घेतलेलाच नाही, त्यामुळे हे उत्तर कोणाला दिले आहे ते कळत नाही. शिवाय कुळाचा शोध घ्यायचाच, तर ‘स्पीड’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ यश, भरभराट असा होता, आणि ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, न हलणारा. तो जुना अर्थ आपल्याकडे आजही कापडाच्या दुकानात ऐकू येतो: दुकानदार ‘फास्ट कलर आहे’ म्हणतो, तेव्हा तो रंग पळणारा नसतो, धुतला तरी जागचा न हलणारा असतो.